असलुस्सूस : युनानी काढ्यातलं ज्येष्ठमध

हकीम ज्याला असलुस्सूस म्हणतात, ते आपलं ज्येष्ठमध. युनानी विचारात छातीतला घट्ट बलगम म्हणजे कफ आधी पिकवून पातळ करायचा आणि मग बाहेर काढायचा असतो. या पिकवण्याला नुज्ज म्हणतात आणि ते घडवणाऱ्या औषधाला मुंजिज. ज्येष्ठमध त्यातलंच. म्हणून बसलेला आवाज, घशाची खवखव, कोरडा किंवा चिकट खोकला यांच्या नुस्ख्यांत ते हमखास सापडतं.

नुस्ख्यात ज्येष्ठमधाच्या मुळापुढे 'मुकश्शर' लिहिलेलं असतं, म्हणजे साल काढलेलं. हा शब्द सोडून चालत नाही. साल कडवट आणि तुरट असते, ती राहिली की काढा घशाला ओरबाडतो. सुरीने तपकिरी थर खरवडून आतला पिवळा भाग घ्यावा आणि खलबत्त्यात जाडसर ठेचावा. बारीक पूड केली तर काढा गढूळ होतो, गाळताना फडकं तुंबतं.

सर्दी-खोकल्याचा जुना, साधा नुस्खा असा : बेहदाणा म्हणजे बिही फळाच्या बिया ३ ग्रॅम, उन्नाब म्हणजे सुकी बोरासारखी फळं ५ दाणे, सपिस्तां म्हणजे सुकी भोकरं ९ दाणे, ठेचलेलं ज्येष्ठमध ५ ग्रॅम. उन्नाब आणि भोकरं चिरडावीत. बेहदाणा मात्र अख्खाच ठेवावा. त्याच्या गरात सायनाइड सोडणारं द्रव्य असतं, आपल्याला हवा तो फक्त सालीवरचा चिकट बुळबुळीतपणा. सगळं पाव लिटर पाण्यात रात्री भिजवून सकाळी मंद आचेवर निम्मं आटवावं, गाळावं, कोमट प्यावं. आच मोठी ठेवली तर चिकट रस खाली लागतो आणि काढ्याला करपट वास येतो. खडीसाखर घालायची तर गाळल्यावर, तीही थोडीच, कारण मूळ स्वतःच गोड आहे.

याच मुळाचा काढा गाळून, आटवून घट्ट केला की रुब्बुस्सूस होतं. काळी, चकचकीत वडी. हरभऱ्याएवढा तुकडा तोंडात धरून चघळतात.

विकत घेताना पूड टाळावी, काड्या घ्याव्यात. चांगली काडी बाहेरून उभ्या सुरकुत्यांची, आतून पिवळी, मोडताना तंतू निघणारी असते. गुंजेचं मूळ मिसळलेलं आढळतं. आधी कडवट, मागाहून गोड लागलं तर संशय घ्यावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. युनानी ग्रंथांतही हे मूळ मूत्रपिंडाला मुजिर, म्हणजे अपायकारक, सांगितलं आहे आणि मुसलेह, म्हणजे तो अपाय आवरणारं द्रव्य, म्हणून कतिरा हा डिंक दिला आहे. पण कतिऱ्याच्या भरवशावर राहू नये. मुळाला गोडी देणारं ग्लिसिरायझिन हे द्रव्य मूत्रपिंडातलं एक एन्झाइम रोखतं. त्यामुळे कॉर्टिसॉल हे संप्रेरक मीठ साठवणाऱ्या अल्डोस्टेरॉन या संप्रेरकासारखं वागू लागतं : मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम निघून जातं. पायांवर सूज, वाढलेला रक्तदाब, स्नायूंत अशक्तपणा, क्वचित हृदयाचे ठोके बिघडणं. युरोपीय तज्ज्ञ समितीने नियमित सेवनासाठी दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसिरायझिन ही मर्यादा सुचवली आहे. ४ टक्के ग्लिसिरायझिन असलेल्या मुळात, ५ ग्रॅममध्ये, ते २०० मिलिग्रॅम भरतं. सगळं काढ्यात उतरत नाही, तरी हा नुस्खा चार-सहा दिवसांचा आहे, रोजच्या चहाचा नाही. उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल, लघवी वाढवणारी गोळी किंवा डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असेल, गरोदरपण असेल, तर घेऊच नये. खोकल्यात रक्त, धाप किंवा दोन आठवडे टिकलेला खोकला असेल तर काढा बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं.