तळ्याची नोंदवही: वळीव ते हस्त

यंदा पावसाळाभर माशांच्या तळ्यातलं कारंजं बंद ठेवलं, एअर पंप मात्र, एका पहाटेचा तासभर सोडला तर, कधी बंद केला नाही. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी उलटं चालतं. पाऊस पडतोय म्हणजे पाण्याला हवा मिळतेच की, असं म्हणून जून लागला की एअर पंप माळ्यावर जातो आणि पाहुणे आले की कारंजं तेवढं सुरू होतं. उन्हाळ्यापासूनच्या नोंदी चाळल्यावर मला तरी पटलंय, की कोल्हापुरात तळ्याचे खरे अवघड महिने मे ते ऑगस्ट.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: तळं कळंब्याच्या बाजूला, घरामागं. १४ बाय ९ फूट, सगळ्यात खोल जागी ४ फूट, पाणी अकरा हजार लिटरच्या आसपास. कोई, गोल्डफिश, डासांसाठी गप्पी आणि कुंड्यांत कुमुदिनी. हवेला ३५ वॉटचा डायफ्राम पंप, म्हणजे रबरी पडद्यांनी हवा ढकलणारा, त्यावर दोन मोठे एअर स्टोन, म्हणजे बुडबुडे सोडणारे सच्छिद्र दगड. कारंज्याला अर्ध्या एचपीची सबमर्सिबल मोटर.

बाहेरच्या देशांतली माहिती वाचून वेळापत्रक लावायला गेलं तर पंचाईत होते. तिकडं सगळा भर बर्फावर. पंप काढून ठेवा, एअर स्टोन उथळ पाण्यात आणा, वरचं पाणी सगळं गोठू देऊ नका. इथल्या थंडीत कोई मजेत असतो, कारण गार पाण्यात प्राणवायू जास्त मावतो. २० अंशाला लिटरमागं ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात. आपण समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, म्हणून त्यातलेही सहाएक टक्के वजा करायचे. म्हणजे मे महिन्यात पाणी मुळातच काठावर पास होतं, आणि नेमका तेव्हाच वळीव येतो.

वळवाचं गणित जरा सविस्तर सांगतो, कारण मासे मरतात ते बहुधा याच दिवसांत आणि दोष मात्र खाद्याला जातो. उन्हानं वरचं पाणी तापतं, तळाचं त्यामानानं गार राहतं. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. तळाशी पाला कुजत असतो, तिथला प्राणवायू संपत जातो, गाळातून सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू सुटतो. चारच्या सुमाराला आभाळ भरून येतं, वारं सुटतं, गारा पडतात. वरचं पाणी एकदम गार होऊन जड होतं आणि खाली जातं, खालचं घाण पाणी वर येतं. त्यात वीज गेलेली. दुसऱ्या दिवशी पहाटे मासे तोंड वर काढून आ वासतात, गोगलगायी काठावर चढतात. पंप आधीपासून चोवीस तास चालू असेल तर असे थर पडतच नाहीत, मग उलटापालट व्हायला काही उरत नाही. उन्हाळ्यातही रात्रीची हवा बंद करू नका म्हणून मी कानीकपाळी ओरडतो ते यासाठी. आणि बिलाची भीती घालू नका कुणी. ३५ वॉट महिनाभर अखंड चालवले तर साधारण २५ युनिट होतात.

वीज जाण्यावर यंदा उपाय झाला. १२ व्होल्टचा १८ वॉटचा डीसी एअर पंप आणि ४० एएचची बॅटरी, मध्ये एक रिले. वीज गेली की तो पंप आपोआप सुरू होतो. बॅटरी निम्मीच वापरायची म्हटली तरी बारा तास निघतात. सोलर कारंज्याबद्दल बरेच जण विचारतात. दिसायला छान आहे, पण ढग आले की ते बसतं आणि रात्री तर बसलेलंच असतं. ज्या वेळी हवा हवी, त्याच वेळी ते नाही. शोभेसाठी जरूर घ्या.

रोहिणी निघाल्यावर सगळी यंत्रणा उघडली. मासे एका दिवसासाठी काहिलीत हलवले. गावाकडच्या गुऱ्हाळातली जुनी काहील आहे, आत ताडपत्री टाकली की झकास हौद होतो. पाणी तळ्यातलंच घेतलं. गाळ मात्र सगळा उपसला नाही, तिसरा हिस्सा मुद्दाम ठेवला, कारण अमोनिया पचवणारे जिवाणू दगडांवर तसे गाळातही असतात.

एअर स्टोनवर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसला होता. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवले, सकाळी फेस थांबलेला, ब्रश मारून उन्हात वाळवले. बसवताना स्टोन थेट तळावर न ठेवता विटेवर ठेवतो, म्हणजे बुडबुड्यांबरोबर गाळ वर येत नाही. पंपातले डायफ्राम काढून बघितले तर एकाला कडेला केसाएवढी चीर होती. बदलताना जोडीनंच बदलायचे, नाहीतर नवा-जुना ताण सारखा राहत नाही आणि पंप गुरगुरायला लागतो. पंप पाण्याच्या पातळीच्या वर आहे, तरीही नॉन रिटर्न व्हॉल्व्ह आहेच. वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं आत आलं की पंपाचा निकाल लागतो, हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको.

कारंज्याच्या मोटरीचं काम वेगळंच निघालं. पाण्यावर सकाळच्या उन्हात तेलाचे सप्तरंगी तवंग दिसत होते. मोटर उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात नेली. मिस्त्रींनी मेगर (वायरीचं आवरण शाबूत आहे का ते मोजायचं यंत्र) लावला, काटा एका मेगाओमच्या खालीच. "सील गेलंय बघा. असंच पावसात घालू नगासा, मोटर पाणी पिईल." मेकॅनिकल सील म्हणजे एकमेकांवर घासून बसणाऱ्या दोन चकत्या, एक कार्बनची, एक सिरॅमिकची, मागं स्प्रिंग. आमच्या कार्बनच्या चकतीवर काठापासून आतपर्यंत नखाला लागेल असा चरा होता आणि त्यात वाळूचा बारीक कण अजून रुतलेला. वाइंडिंग वाचलं होतं. हीटरखाली सुकवून, नवं सील, नवी ओ-रिंग आणि ताजं तेल घालून मोटर परत आली. आता तिच्या जाळीभोवती स्पंज बांधलाय. नोझलची भोकं जुन्या टूथब्रशनं आणि सुईनं साफ केली, तेवढंच त्यांना लागतं.

मृगाच्या आधी बोर्डावरच्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचं (करंट गळायला लागला की वीज तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबून बघितलं. खटकन पडला. दर महिन्याला दाबायचं. पाण्यात हात घालायच्या आधी मेन बंद, यात सवलत नाही.

पाऊस सुरू झाला तसा पत्र्यावरच्या पाण्याचा पाइप बागेकडं वळवला आणि ओव्हरफ्लोला जाळी लावली. पुढं मुद्द्याची गोष्ट. आर्द्रा आणि तरण्या पावसात (पुनर्वसूत) आठ-आठ दिवस ऊन दिसलं नाही. बघायला गेलं तर थेंबांमुळं पाण्याला वरून हवा मिळत होती, पण शेवाळ दिवसा प्राणवायू बनवायचं ते जवळजवळ थंडावलं, रात्री मात्र नेहमीसारखाच ओढायचं. वाहून आलेला पाला-माती कुजण्यात आणखी खर्च. म्हणून प्राणवायूचा सगळ्यात कमी आकडा पहाटेचा. पंप चालू ठेवून प्राणवायू मोजायच्या किटवर पहाटेचा आकडा लिटरमागं ५ मिलिग्रॅमच्या खाली कधी गेला नाही. म्हाताऱ्या पावसात (पुष्यात) एका पहाटे पंप फक्त तासाभरासाठी मुद्दाम बंद करून बघितला, तर ४ वर आला आणि गोल्डफिश वर यायला लागले. लगेच चालू केला. अशा दिवसांत खाद्यही निम्म्यावर आणतो, ढगाळ सकाळी तर देतच नाही.

ज्यांचे पंप जूनपासून माळ्यावर आहेत, त्यांनी आता काढून थेट चोवीस तास सुरू करू नयेत. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग रोज दुप्पट. तळाचं साचलेलं पाणी एकदम वर आणलं तर वळवानं जे केलं असतं ते आपणच करून बसू.

हस्त संपत आलाय. कारंजं गेल्या आठवड्यात पुन्हा बसवलं. त्याची धार कुमुदिनीच्या पानांवर पडू नये म्हणून नोझल उलट्या कोपऱ्याकडं वळवलंय. पानं सतत भिजली की कुमुदिनी रुसते. पुढचं काम गळीत हंगामाचं. उसाचं पाचट पेटवलं की काळी काजळी उडत येते आणि एरवी महिनाभर चालणारा एअर पंपाचा स्पंज फिल्टर पंधरा दिवसांत काळा होतो. दोन जादा स्पंज आणून ठेवलेत. साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळला की आलटून पालटून घालायचे. स्टोनऐवजी रबरी मेम्ब्रेनची डिस्क कुणी बोअरच्या पाण्यात वापरली असेल तर सांगा, किती टिकते ते. नोव्हेंबरात एक आणायचा विचार आहे.