ते खाली जातात तेव्हा

मंदारच्या आईला परवा ॲडमिट केलं, हे मला आज लिफ्टमध्ये कळलं. तेही अकाउंट्सच्या नव्या मुलीकडून. बाकी सगळ्यांना माहीत होतं. टपरीवर कळलं असणार, दुसरं कुठे!

सिगरेट सोडल्यापासून मला कुणी बोलवत नाही. चौघं उठतात, मंदार खिसा चाचपतो, माझ्याकडे बघायचं टाळतो आणि निघतात. माझ्याच भल्यासाठी, कळतं मला. तंबाखू सोडायच्या हेल्पलाइनला, १८००-११-२३५६ वर, फोन लावला होता तेव्हा त्या बाईंनीही हेच सांगितलं, सुरुवातीचे काही आठवडे टपरी टाळा. तरी लागतंच. वागळे इस्टेटच्या त्या फुटपाथवर माझी किती वर्षं गेलीत. मंदारचं लग्न मोडल्याचं तिथेच ऐकलं. अण्णा गेले तेव्हा... ते आज नको.

रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत अर्ध्यावर येतं. मग दर दोन तासांनी 'चल रे खाली' कोण म्हणत होतं, मंदार की त्याची तलफ? दुपारभर हेच डोक्यात. तलफ गेली की माणसंही जाणार असतील, तर एवढी वर्षं मी नक्की कुणाबरोबर उभा होतो?

नुसत्या चहाला जावं, तर सिगरेट सोडायला घेतलेल्या त्या निकोटिनच्या च्युइंगमचं त्रांगडं. २ मिलिग्रॅमचं. कचाकचा चघळायचं नाही. सावकाश चावायचं, मिरमिरलं की गालात दाबून ठेवायचं. ते तोंडात असताना चहा नाही, आधी १५ मिनिटंही नाही, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. म्हणजे चार वाजता एकतर कटिंग, नाहीतर च्युइंगम. मी आपला गाल फुगवून स्क्रीनकडे बघत बसतो.

संध्याकाळी न राहवून मंदारला फोन केला. तलावपाळीला भेटलो. "तुझ्यासमोर पेटवली आणि तुझं मोडलं तर, याची भीती वाटते रे," म्हणाला. मग आईचं सगळं सांगितलं, रिपोर्ट, रात्रीची जागरणं, बहिणीशी झालेलं भांडण. मध्येच लांब जाऊन एक ओढून आला. वास आलाच. घसा आवळला, हात नुसते शिवशिवले. पाचेक मिनिटांत ओसरलं, आणि तो पुढचं सांगत होता.

बोलवू नकोस अजून, पण सांगत जा, एवढंच म्हटलं त्याला. उद्या सकाळी काकूंजवळ मी थांबणार आहे, म्हणजे त्याला घरी जाऊन आंघोळ तरी करता येईल.