दोन फूट रुंद कठीण लाकूड चिरताना : ब्लेड आणि मोटारीची निवड, माझा अनुभव

वाळलेल्या कठीण लाकडाचा ६०० मिमी रुंद ओंडका आडव्या बँडसॉवर (दोन चाकांवर फिरणाऱ्या दातेरी पट्टीच्या करवतीवर) चिरला, तर फळी कडांना बरोबर जाडीची आणि मधे चार मिमीने फुगलेली निघाली. अशा वेळी कुणालाही विचारा, ‘मोटार लहान पडतेय’ हेच उत्तर येतं. मोटार ५ एचपीची होती, म्हणजे लहान होतीच. पण नुसती मोटार बदलून ही लहर, म्हणजे फळीच्या जाडीतला चढउतार, गेली नसती, हे मला हिशेब मांडल्यावर दिसलं.

चाकाचा व्यास ४८० मिमी, ब्लेडचा वेग सेकंदाला २५ मीटर. दातांमधलं अंतर सात सूत, म्हणजे २२ मिमी. सेकंदाला साधारण ११३६ दात लाकडात शिरतात. एवढ्या रुंदीत ५ एचपीवर मिनिटाला दीड मीटरपेक्षा जास्त पुढे ढकलता येत नव्हतं. ते झाले सेकंदाला २५ मिमी. भागाकार केला की एका दाताच्या वाट्याला ०.०२२ मिमी येतात. याला चिरणं म्हणत नाहीत, हे घासणं झालं. भुसा मैद्यासारखा पडतो, दातांमधल्या खाचेत टिकत नाही, ब्लेड आणि लाकूड यांच्या फटीत सरकतो आणि तिथे ब्लेड तापवतो.

तापलं की काय होतं? ब्लेडची लांबी ४ मीटर. सुमारे १४० मेगापास्कल ताण दिला की ते जेमतेम पावणेतीन मिमी लांबतं. सगळा ताण तेवढ्या लांबण्यातच असतो. ब्लेड ४० अंशांनी तापलं तर नुसत्या उष्णतेने १.८ मिमी वाढतं. ताण नुसत्या स्क्रूने दिला असेल तर त्यातला दोन तृतीयांश तिथेच गेला! ओंडक्याच्या सुरुवातीला सरळ चालणारं ब्लेड दोन मीटरनंतर भरकटतं ते यामुळे. म्हणून पहिला बदल स्क्रूखाली जाड स्प्रिंगचा केला. ब्लेड वाढलं तरी स्प्रिंग मागोमाग ओढत राहते. हायड्रॉलिक ताण असेल तर काट्यावर नजर ठेवून मधेच वाढवता येतो.

मग ब्लेड. ३२ ऐवजी ३८ मिमी रुंद घेतलं, जाडी १.१४ मिमी. याहून जाड मोहात पाडतं, पण ४८० च्या चाकावर १.२७ मिमीच्या ब्लेडवर प्रत्येक फेऱ्यात वाकताना जास्त ताण येतो आणि ते खाचेच्या तळाशी लवकर तडकतं. रुंद ब्लेडला एकूण ओढही जास्त लागते, तेव्हा चौकट आणि बेअरिंग तेवढी ओढ सोसतात का ते आधी पाहावं. ढिलं रुंद ब्लेड ताठ अरुंद ब्लेडपेक्षा वाईट.

खरा फरक दातांच्या अंतराने पडला. सात सुतांऐवजी दहा सूत, म्हणजे ३२ मिमी. नवी १० एचपीची मोटार मिनिटाला ३ मीटर ढकलू देईल असं धरलं, तर जुन्या ब्लेडच्या प्रत्येक दातामागे सुमारे २६ चौ. मिमी लाकूड येतं. भुसा झाल्यावर ते अडीच पट जागा घेतं असं मी धरतो. म्हणजे ६५, आणि ती खाच होती जेमतेम ६६ चौ. मिमीची. काठोकाठ. ३२ मिमी अंतरावर दाताचा घास ०.०६४ मिमी होतो आणि खाच तीन चतुर्थांशच भरते. भुसा मैद्याऐवजी रव्यासारखा पडायला लागला.

दाताचा पुढचा कोन १० अंशांवरून ७ वर आणला. कोरड्या कठीण लाकडात १० अंशांचा दात गाठीत स्वतःहून घुसतो. अगदीच दगडासारखं लाकूड असेल तर ४ अंशही चालतात, फक्त ढकलायला जोर जास्त लागतो. सागाचं वेगळं : तो फार कठीण नाही, पण त्यातली सिलिका धार खाते.

दात बाजूला वाकवतात तो सेट प्रत्येक बाजूला ०.४८ मिमी ठेवला. तपासायची रीत सोपी आहे. फळी उचलून वर हात फिरवायचा. सैल भुशाचा पातळ थर हवा. भुसा गरम आणि चिकटलेला असेल तर सेट कमी. फळी स्वच्छ पण ओरखड्यांची असेल तर जास्त.

मोटार शेवटी ठरवली : १० एचपी, तीन फेज, १४४० आरपीएम. मोटारीवर १२५ मिमीची आणि चाकावर १८० मिमीची पुली, म्हणजे चाक १००० आरपीएमवर आणि ब्लेड पुन्हा २५ मीटरवर. व्हीएफडीने (मोटारीचा वेग कमी-जास्त करणाऱ्या विजेच्या उपकरणाने) वेग खाली आणला की त्याच प्रमाणात ताकदही उतरते, म्हणून वेग पुलीनेच ठरवावा.

चालवताना क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती अडकवून विजेचा प्रवाह मोजायचं मीटर, लावून ठेवतो. अँप मोटारीच्या नेमप्लेटवर लिहिलेल्या आकड्याच्या वर गेले तर पुढे सरकण्याचा वेग कमी करायचा. ब्लेड मंदावतंय पण अँप चढत नाहीत, म्हणजे पट्टा घसरतोय. रबराचा वास येतोच. ब्लेडचा वेग टिकून आहे, अँप ठीक आहेत आणि तरी लहर येते, तर धार, सेट किंवा ताण पाहायचा, मोटारीला दोष द्यायचा नाही.

ब्लेडला सरळ धरणारे गाइड रोलर ओंडक्याच्या जितके जवळ येतील तितके आणायचे आणि ब्लेड ६ मिमी खाली दाबून ठेवायचं. साल आधी सोलायची, तिच्यातली वाळू पहिल्या मिनिटात धार घालवते. ब्लेडवर साबण घातलेल्या पाण्याची बारीक धार, आणि दर दीड-दोन तासांनी ब्लेड बदलून विश्रांतीला. काम संपलं की ताण सोडायचा. गरम ब्लेड तसंच ताणून ठेवलं तर थंड होताना आवळतं आणि तडा जातो.

एवढं करूनही मोठ्या गाठीजवळ एक मिमीचा फरक राहतो. तो रंध्याला सोडतो, म्हणून रुंद फळी ठरल्या जाडीपेक्षा ५ मिमी जाडच काढतो.