देणगी माझी, पॅन अण्णांचा

माझे वडील, अण्णा, निवृत्तीनंतर अकरा वर्षं रोज दुपारी आमच्या जिल्ह्यातल्या एका इतिहास संशोधन मंडळात मोडी कागद वाचत बसायचे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरं कशी गोळा करत, १९१० साली त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ कसं उभं केलं, हे आम्ही अण्णांच्या तोंडून जेवताना कितीदा तरी ऐकलंय. डिसेंबर २०२३ मध्ये अण्णा गेले. त्यांच्या स्मरणार्थ आमच्या जिल्ह्यातल्या मंडळाला एक लाख रुपये द्यायचे, हे आईने आणि मी तेराव्याच्या दिवशीच ठरवलं.

पैसे देण्यात काहीच अडचण आली नाही. १४ फेब्रुवारी २०२४ला, वसंत पंचमीच्या दिवशी, माझ्या खात्याचा चेक दिला आणि सोबत एक पत्र: ही रक्कम कायम निधीत ठेवावी आणि व्याजातून मोडीचे वर्ग घ्यावेत. हे पत्र विसरू नका. कायम निधीसाठी आहे असं देणाऱ्याने लेखी दिलं नाही, तर रक्कम त्या वर्षीच्या साध्या देणग्यांत जाते आणि वीजबिलालाही खर्च होऊ शकते.

दादालाही वाटा उचलायचा होता. पण तो अमेरिकेचा नागरिक झालाय आणि त्याचे पैसे परदेशी देणगी ठरतात. त्यासाठी संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, ती मंडळाकडे नाही. परदेशात राहूनही भारतीय पासपोर्ट असलेल्यांना स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देता येतं.

खरा त्रास पुढे झाला. आयकरात ८०-जीची, म्हणजे १९६१च्या आयकर कायद्याच्या त्या कलमाखाली देणगीबद्दल मिळणारी, वजावट हवी असेल तर आता नुसती पावती पुरत नाही. संस्थेने ३१ मेपर्यंत सगळ्या देणगीदारांची यादी १०-बीडी फॉर्ममध्ये आयकर खात्याकडे भरायची आणि त्यातून निघालेलं १०-बीई प्रमाणपत्र देणगीदाराला द्यायचं. जूनभर मी फोन करत होते. २ जुलैला प्रमाणपत्र हातात आलं. त्यावर नाव अण्णांचं होतं आणि पॅनही अण्णांचा.

अण्णा आजीव सभासद होते. कार्यालयातल्या गृहस्थांनी पावती करताना त्यांचंच जुनं खातं उघडलं होतं. "ताई, स्मरणार्थ म्हणून तुम्हीच सांगितलंत ना?" असं मला विचारलं. स्मरणार्थ म्हणजे देणारी मी आणि आठवण त्यांची, हे मला त्या टेबलासमोर उभं राहून समजावून सांगावं लागलं. त्या कागदाप्रमाणे अण्णांनी फेब्रुवारीत एक लाख रुपये दिले होते. दोन महिने आधी आम्ही त्यांना अग्नी दिला होता. जिथे माझे वडील एका तारखेसाठी चार-चार दिवस कागद ताडून बघायचे, तिथल्याच कागदावर हे छापून आलं, याचं मला फार वाईट वाटलं. आजही वाटतं.

चार हेलपाटे झाले. आधी म्हणाले, एकदा भरलेला फॉर्म बदलता येत नाही. मग म्हणाले, सीए साहेब ऑडिटच्या गडबडीत आहेत, ऑगस्टमध्ये बघू. पण ऑगस्ट मला चालणार नव्हता. ८०-जीची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, नव्या प्रणालीत नाही. आणि रिटर्न भरायची ३१ जुलैची मुदत टळली की जुनी प्रणाली निवडताच येत नाही. तोवर माझी सगळी वर्षाची आखणीच वाया गेली असती.

शेवटी माझ्या मैत्रिणीच्या मुलीने, ती सीए आहे, सांगितलं की १०-बीडी सुधारून पुन्हा भरता येतो. २६ जुलैला मी मंडळात जाऊन त्या गृहस्थांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. पोर्टल उघडलं, माझी ओळ शोधली, नाव आणि पॅन बदलला. ओटीपी कार्यवाहांच्या मोबाइलवर गेला, ते मुलीकडे बेंगळुरूला होते. फोनवर त्यांनी एकेक आकडा सावकाश सांगितला. पंचवीस मिनिटांत काम झालं. दुसऱ्या दिवशी नवं १०-बीई आलं, त्यावर माझं नाव बघितलं आणि हायसं वाटलं. २८ला रात्री मी रिटर्न भरून टाकलं.

म्हणून सांगते, पावती हातात पडली की टेबलावरून उठायच्या आधी देणगीदाराचं नाव आणि पॅन वाचा. स्मरणार्थ कोणाच्या, हे वेगळ्या ओळीत लिहून घ्या. १०-बीई जूनच्या पहिल्या आठवड्यातच मागा. रोख देऊ नका; दोन हजारांवरच्या रोख देणगीला वजावट नाही. आणि एक लाख दिले म्हणजे एक लाख वजा होतात असं नाही. आमच्या मंडळासारख्या संस्थेला दिलेल्या देणगीची निम्मीच रक्कम उत्पन्नातून वजा होते, तीही उत्पन्नाच्या दहा टक्क्यांपर्यंतच्या देणगीवर.

एक राहिलंच. आम्ही घरातले मोडी कागदही दिले. वस्तुरूप देणगीला ८०-जी लागू नाही, तरीही द्या, माळ्यावर कसर लागून जाण्यापेक्षा. पण देण्याआधी साफसफाई करायला जाऊ नका. आईने एका वाटणीपत्रावरची धूळ ओल्या फडक्याने पुसली आणि काजळीची शाई फडक्याबरोबर उठून आली, दोन ओळी गेल्या. फाटलेल्या जागी सेलोटेपही लावू नका. कागद मोजून यादी करा, तिच्यावर संस्थेची सही घ्या आणि कागद कायमचे दिलेत की ठेव म्हणून, ते तिथेच लिहा. आमचे एकसष्ट कागद आता लाल रुमालात बांधून ठेवलेत.

मोडीचा वर्ग दिवाळीनंतर सुरू झाला. मीही नाव घातलं. दर शनिवारी दुपारी, अण्णा बसायचे त्याच लांब टेबलाशी आम्ही नऊ जण बसतो. सध्या बाराखडी चालू आहे.