मुंबई ते न्यूयॉर्क: न सरणारी रात्र

सपाट नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडलं तर रेघ सहारा वाळवंटावरून जाते. आता पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा. तो अफगाणिस्तान, रशिया, आइसलँड करत ग्रीनलंडच्या टोकाजवळून खाली उतरतो. सगळ्यात जवळची वाट हीच, सुमारे साडेबारा हजार किलोमीटर.

आमचं विमान अर्थातच त्या दोऱ्यावरून गेलं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं, त्यामुळे मुंबई सोडल्यावर आधी अरबी समुद्र, मग ओमान, आखात, तुर्कस्तान आणि युरोप. दिल्लीकरांना या वळशाचा जास्त त्रास. आपल्याला निदान समुद्र मोकळा आहे.

डिसेंबरअखेर रात्री दीडच्या सुमारास निघालो. सोळा तासांचा प्रवास. शेजारी साताऱ्याकडच्या काकू होत्या, लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या. पायाशी डिंकाच्या लाडवांचा डबा, मनगटावर भारतीय वेळेचं घड्याळ. एक झोप काढून उठल्या आणि घड्याळ कानाला लावून बघितलं. "अहो ताई, दुपारचे बारा वाजले की! मग बाहेर मिट्ट काळोख कसा?"

तेव्हा आम्ही आयर्लंडच्या आसपास होतो. तिकडच्या अक्षांशांवर पृथ्वी ज्या वेगाने पूर्वेला फिरते, जवळजवळ त्याच वेगाने विमान पश्चिमेला पळत असतं. साहजिकच सूर्याला मागून येऊन गाठायला फार वेळ लागतो. मुंबईत संध्याकाळी सहाला मावळलेला सूर्य आम्हाला न्यूयॉर्कमध्ये सकाळी सातनंतर दिसला. साडेदहा तासांचा फरक धरून हिशेब केलात तर ती रात्र जवळपास चोवीस तासांची भरते. काकूंना हे सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एक लाडू माझ्या हातावर ठेवला.

समोरच्या पडद्यावर चित्रपटांपेक्षा मला वेगाचा आकडा बघायला आवडतो. अटलांटिकवर तो ७६५ वर आला होता. विमानाचा स्वतःचा वेग नऊशेच्या घरात, पण समोरून वारा ताशी १३५ किलोमीटरचा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा झोत हिवाळ्यात जास्तच जोरात असतो. परतीला तोच पाठीशी! पडद्यावर १०५० दिसलं आणि प्रवास चौदा तासांत उरकला. दोन शहरं तीच, आणि फरक दोन तासांचा. म्हणून कुणी "किती तास लागतात?" असं विचारलं की मी आधी "जाताना की येताना?" असं विचारते. माझे यजमान याला वकिली म्हणतात.

येताना उजेडही आखडता मिळाला. सकाळी अकराला न्यूयॉर्क सोडलं, तीनेक तासांत खिडकीबाहेर अंधार. रात्रही लवकर आटोपली, कारण आता आम्हीच सूर्याच्या दिशेने निघालो होतो.

हिवाळ्यात जाणार असाल तर जाताना खिडकीच्या जागेसाठी जादा पैसे मोजू नका, काही दिसत नाही. ते परतीसाठी ठेवा. आणि घ्यायला येणाऱ्यांना तिकिटावरची वेळ सांगून मोकळे होऊ नका; वाऱ्यामुळे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यापुढे इमिग्रेशनची रांग. काकूंचे जावई गरम कपडे घेऊन पहाटेपासून ताटकळत होते.