सरांचा प्रश्न आणि एक जनरल खासदार

आपल्या भागात दहावी झालेल्या पोराला पलटणीची वाट कुणी दाखवावी लागत नाही. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याच्या तर नावालाच 'मिलिटरी' जोडलेलं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. मीही त्याच वाटेने गेलो, लष्कराच्या इंजिनिअर्स कोअरमध्ये भरती झालो आणि सुभेदार होऊन घरी आलो. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी सीमेवरच्या आठवणी लिहा, असा स्मरणिका समितीचा आग्रह होता. पण तशा आठवणी सांगणारी माझ्याहून थोर माणसं या शाळेने घडवली आहेत. मला लिहायचंय ते आमच्याच कोअरच्या एका अधिकाऱ्याविषयी, मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरींविषयी. त्यांच्या हाताखाली काम करायचा योग आला नाही, पण शाळेत शिकलेला एक धडा मला त्यांच्यामुळे पुरता उमगला.

नववीला नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या सरांनी एकदा विचारलं, "खासदाराचं काम काय रे?" रस्ता करतो, एसटी सुरू करतो, भरतीला चिठ्ठी देतो, अशी उत्तरं आली. तेव्हा आपले खासदार होते यशवंतराव चव्हाण. चीनच्या युद्धानंतर संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेलेले, त्यामुळे फौजींच्या घराघरांत त्यांचा फोटो. सर म्हणाले, "रस्ता झेडपीही करील. सरकारला हिशेब विचारायचा, हे खासदाराचं पहिलं काम. मग सरकार आपल्याच पक्षाचं का असेना." परीक्षेत कुणी हा प्रश्न विचारला नाही, पण वाक्य डोक्यात राहिलं.

मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी मूळचे गढवालचे. १९५४ साली इंजिनिअर्समध्ये कमिशन मिळालं, पुढे अतिविशिष्ट सेवा पदक मिळालं. निवृत्तीनंतर १९९१ ला ते गढवालमधून भाजपतर्फे लोकसभेवर गेले. १९९६ ला हरले. १९९८, १९९९ आणि २००४ ला पुन्हा निवडून आले. मध्यंतरी उत्तराखंडचे मुख्यमंत्री झाले. २०१४ ला ऐंशीच्या उंबरठ्यावर पुन्हा लोकसभेत गेले. वाजपेयी सरकारात रस्ते वाहतूक खातं त्यांच्याकडे होतं आणि दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता जोडणाऱ्या सुवर्ण चतुष्कोन महामार्गाची ५,८४६ किलोमीटरची कामं त्यांच्या देखरेखीखाली पुढे सरकली. त्यातला मुंबई–चेन्नईचा रस्ता आपल्याच दारावरून जातो. शिरवळ, सातारा, उंब्रज, कऱ्हाड करत कोल्हापूरकडे जाणारा हायवे चौपदरी झाला, तो याच योजनेत. सुट्टीवर येताना रात्रीच्या गाडीत बसल्या बसल्या तो फरक आम्ही अंगावर अनुभवला.

तरीही माझ्या लेखी त्यांचं सगळ्यात मोठं काम रस्ता नव्हे. ते काम बंद खोलीत झालं, हारतुऱ्यांशिवाय.

संसदेत संरक्षण खात्याची स्थायी समिती असते. लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सभासद, सगळ्या पक्षांचे. मंत्र्याला तिथे सभासद होता येत नाही. सैन्याच्या मागण्या आणि बजेट तिथे ओळ न् ओळ तपासलं जातं. २०१४ पासून खंडुरी या समितीचे अध्यक्ष होते. मार्च २०१८ मध्ये समितीचा अहवाल संसदेपुढे आला. लष्कराच्या उपप्रमुखांनी समितीसमोर सांगितलेलं त्यात जसंच्या तसं आलं: सैन्याची ६८ टक्के सामग्री जुनाट, २४ टक्के चालू काळातली आणि अत्याधुनिक फक्त ८ टक्के. खरं तर तिन्ही प्रकार एकेक तृतीयांश असायला हवेत. आधुनिकीकरणासाठी २१,३३८ कोटी दिले होते, आणि आधीच ठरलेल्या १२५ योजनांची देणीच २९,०३३ कोटींची होती. म्हणजे नवीन काही घ्यायचं लांबच, जुनी उधारीही फिटत नव्हती. सरकार खंडुरींच्याच पक्षाचं होतं.

हे ६८ टक्के कागदावर वाचणं वेगळं आणि हाताने उचलणं वेगळं. सुटे पोलादी भाग जोडून उभा करायचा बेली पूल दुसऱ्या महायुद्धातला. त्याचं एक पॅनेल अडीच क्विंटलच्या वर भरतं, दोन्ही बाजूंनी दांडे घालून सहा जण उचलतात. एकाचा पाय घसरला की सहाही जणांच्या पाठीवर येतं. तो पूल मजबूत आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बर्फात कॉम्प्रेसर सुरू व्हायला तयार नाही, सुटा भाग मिळत नाही, आणि वरून रस्ता मोकळा करायचा हुकूम आलेला, अशा वेळी 'जुनाट' म्हणजे काय ते जवानाला कळतं. जवानाला बोलायची मुभा नसते, आणि ती नसावीच, शिस्त तशीच असते. म्हणून त्याच्या वतीने विचारणारा कुणी तरी तिथे बसलेला लागतो.

सप्टेंबर २०१८ मध्ये समिती नव्याने नेमली गेली, तेव्हा अध्यक्षपद खंडुरींकडे राहिलं नाही. त्यावर उलटसुलट बरंच बोललं गेलं. त्या राजकारणात मी शिरत नाही. अहवाल संसदेच्या दप्तरी आहे, तो कुणाला पुसता येणार नाही.

आमच्या माजी सैनिकांच्या बैठकीत निवडणूक आली की एक सूर हमखास निघतो: फौजी उमेदवार आहे, मत त्यालाच. मला हे पटत नाही. छातीवरची पदकं रणांगणावर मिळवलेली असतात, संसदेत नव्याने परीक्षा द्यावी लागते. खंडुरी त्या परीक्षेत उतरले, कारण स्टोअरची तपासणी करताना आपल्या माणसाचं आणि परक्याचं असं वेगळं मोजमाप नसतं, ही कोअरची सवय त्यांनी दिल्लीतही सोडली नाही.

समितीचे अहवाल हिंदीतही निघतात. मार्च २०१८ च्या अहवालाची हिंदी प्रत मी बांधून घेतली आहे, ती सुवर्णमहोत्सवाच्या दिवशी ग्रंथालयाला देतो आहे. नववी-दहावीच्या मुलांना त्यातले आकडे समजावून द्यायला कुणी हवं असेल, तर मुख्याध्यापकांनी निरोप द्यावा. शनिवारी शाळा सकाळची असते, त्या दिवशी मला यायला जमेल.