त्याच जागेवर घर का बांधलंत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. निपाणीच्या बाजारात, लग्नात, माहेरी, सगळीकडे हेच: "2019 ला घर पडलं, तरी परत नदीकाठालाच का बांधलंत? 2021 ला पाणी आलंच की!"

ऊस तिथं, म्हशी तिथं, घरची जागा तिथं. माळावर गुंठाभर घ्यायचा तर पैसे कुठले? वेदगंगा आणि दूधगंगा भोजजवळ एकत्र येतात. वर पाटगाव, काळम्मावाडी ही धरणं भरली की आमच्याकडं दोन्ही बाजूंनी पाणी चढतं. एवढं आम्हाला कळत नसेल असं धरून लोक का बोलतात?

पण खरं सांगायचं तर कारण एवढंच नाही.

2019 च्या ऑगस्टात यमगर्णीजवळ हायवे पाण्याखाली गेला, तेव्हा आम्ही शाळेतल्या गंजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या छावणीत होतो. पाणी उतरलं आणि लख्ख ऊन पडलं. आत्यांचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, जीव घराकडं लागलेला. "जाऊन येऊ का गं? देव तेवढे पुसून ठेवते." मी गोधड्या वाळत घालत होते. वर न बघताच म्हटलं, "जावा की आत्या. पाणी गेलंय, आता कसली भीती?"

भेंड्याची, म्हणजे कच्च्या मातीच्या विटांची, भिंत पाण्यात उभी राहते. पाणी उतरलं की तिचा आधार जातो, बुडाची माती मऊ झालेली असते, आणि ऊन लागलं की ती बसते. मला हे माहीत नव्हतं असं नाही. 2005 च्या पुरानंतर शेजारची भिंत अशीच गेलेली मी डोळ्यांनी बघितली होती.

आवाजही मोठा झाला नाही. पोतं टाकल्यासारखा झाला, बस्स. माती उपसली तेव्हा पाटावर तीन टाक स्वच्छ पुसून ओळीनं ठेवलेले होते. चौथा त्यांच्या मुठीत, ओल्या फडक्यात. मूठ उघडायला आमच्या ह्यांना वेळ लागला.

कागदावर लिहिलं, पुरात मृत्यू. नदी तर तेव्हा पात्रात गेली होती. आत्यांना नदीनं नेलं असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? माळावर गेले तरी ते "जावा की" माझ्याबरोबरच येणार.

म्हणून मी हट्टानं त्याच जागेवर जोतं चार फूट उचललं, सिमेंटचे कॉलम घेतले. तेव्हा वाटलं होतं, पळून गेले नाही एवढं तरी आत्यांसाठी केलं. आता वाटतं, आत्यांनी असलं काही मागितलंच कुठं होतं? 2021 ला उंबऱ्याला पाणी लागलं आणि धाकटी रात्रभर माझा पदर सोडेना. हे म्हणाले, "तुझ्या मनाचं तुझ्यापाशी, पोरांना कशाला त्यात?" बरोबर आहे त्यांचं. तरी त्या दिवशी मी भांडले.

गेल्या महिन्यात माळावरची एक जागा बघून आलो. उंचावर आहे, रस्त्याला लागून, बोअरला पाणीही आहे. सोसायटीचं कर्ज काढलं तर जमेल म्हणतात. ह्यांनी पावलांनी मापं टाकली, स्वयंपाकघर दाखवलं, गोठा दाखवला. मग विचारलं, देवघर कुठं करायचं?

मी काही बोलले नाही.